अप्पांचं मौन

दिंद्रुड,
१२ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यांना प्रणिताचे शरणार्थ.

तुमचा तिळगूळ राजेश्वर भाऊजींबरोबर पोचला. आमच्या रुद्राणीने अभ्यासाच्या नावाखाली अख्खा डबा एकटीनेच संपवला. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि भाऊजींच्या मोबाईलवर लिहिलं तर तुमच्याआधी सगळं घर वाचतं असं तुम्हीच म्हणता. म्हणून पत्रच बरं.

हे पत्र अप्पांबद्दल आहे. दिवाळीपासून ते बदललेत. तुमचे भाऊ तुम्हाला ठाऊक आहेत. भांड्याच्या दुकानात माणूस एक तांब्या घ्यायला यायचा आणि अप्पांच्या गप्पा ऐकून हंडा-कळशी घेऊन जायचा. आता ते दुकानात येतच नाहीत. आले तरी गल्ल्याजवळ नुसते बसतात. कुणी "काय अप्पा?" म्हटलं तर मान हलवतात, तीही उशिरा.

गेल्या आठवड्यात राधाकिशन पाटलांच्या सत्यशीलाच्या लग्नाची ताटं काढली होती. भांड्यावर नाव घालायचं काम आमच्याकडे अप्पांशिवाय कुणी करत नाही. त्यांनी मशीन चालू केलं, 'चि. सौ. कां. स' इतकं घातलं आणि थांबले. बराच वेळ ताटाकडे बघत राहिले. पुढचं अक्षर कुठं घालायचं हे जणू त्यांना सुचेचना. मग मशीन तसंच चालू ठेवून उठले आणि घरी आले.

जेवण पाव भाकरीवर आलंय. देवघरात मात्र दार लोटून दोन-दोन तास बसतात. तुमच्या घराण्याची रीत, गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. म्हणून बीपीची गोळी मी पूजेच्या ताटाशेजारीच ठेवते. ती तेवढी रोज घेतात, कारण ताट बाहेर येतं तेव्हा गोळी जागेवर नसते.

मी ह्यांना म्हटलं, माजलगावला डॉक्टरांना दाखवू या का? तर म्हणाले, "ताप न्हाई, खोकला न्हाई. काय दाखवायचं?" तुम्ही अप्पांची मोठी बहीण. काय करू ते तुम्हीच सांगा.

तुमची,
प्रणिता

---

आष्टी,
२० फेब्रुवारी २०२४

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चि. सौ. प्रणितास नीलाबाईचे आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा घाबरून आणि एकदा चष्मा पुसून. दुसऱ्यांदा वाचताना डोळ्यांत पाणी आलं, पण ते दुःखाचं नव्हतं. पोरी, तुझ्या घरात आजार शिरलेला नाही, भाग्य शिरलंय.

तू आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या आणि वैजूच्या, तुझ्या अप्पांच्या, वडिलांना पाहिलं नाहीस. तेही असेच बोलघेवडे होते आणि असेच एका दिवाळीनंतर गप्प झाले. पुढची तीन वर्षं ओट्यावर बसून होते. सुरुवातीला आमच्या आईनं रडून गाव गोळा केलं. मग मठातले जंगमस्वामी आले, त्यांनी अण्णांकडे बघितलं आणि आईला म्हणाले, "बाई, रडू नकोस. तुझा नवरा संसारातून मोकळा झाला. त्याचं मौन मोडू नकोस." तेव्हापासून लोक त्यांच्या पाया पडायला येत. आपल्या शेतातली त्यांची समाधी तू पाहिली आहेसच.

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. एका दुपारी अण्णांनी एकाएकी माझा हात धरला, घट्ट. काही बोलले नाहीत. मला बोलायचा मोह झाला, पण स्वामींचे शब्द आठवले. मी हात हळूच सोडवून घेतला आणि त्यांचा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचं मौन मी मोडू दिलं नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो.

आता वैजूचं बघ. दुकान सुटलं, जिभेची चव सुटली. ज्यानं जन्मभर लोकांची नावं भांड्यांवर घातली त्याला नावात काही नाही हे उमगलं आणि हात थांबला. यात तुझा डॉक्टर काय करणार? जखम मांडीला नि मलम शेंडीला.

एक विचारते, खरं सांग. माझं नाव काढतो का?

नीलाबाई

---

दिंद्रुड,
१५ मार्च २०२४

ती. आत्यांना प्रणिताचे शरणार्थ.

तुमचं पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं आणि घरावरचं सावट गेलं. दोन महिने आम्ही एकमेकांशी कुजबुजत होतो, आता मोकळेपणी बोलतो. राधाकिशन पाटलांना ह्यांनी अण्णांची गोष्ट सांगितली. पाटलांनी अर्ध्या नावाचं ते ताट परत केलं नाही. नव्या कापडात गुंडाळून नेलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. म्हणाले, सत्यशीलाला हाच आशीर्वाद.

महाशिवरात्रीला तर देवळातून निघालेली माणसं आमच्या ओट्यावर आली. ह्यांनी अप्पांसाठी गादी घातली, पांढरी चादर अंथरली. छबुबाई नातीला घेऊन आल्या आणि तिचं डोकं अप्पांच्या पायावर टेकवलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आमच्याकडे उलटं झालंय. पूर्वी ह्यांना बाजारात 'अप्पाचा केदार' म्हणत, आता 'केदारअप्पा' म्हणतात. ह्यांना ते आवडतं, हे तुम्हाला म्हणून सांगते.

मला मात्र मधूनच धाकधूक वाटते. अप्पा आता पाय उचलत नाहीत, जमिनीवरून घासत चालतात. वळायचं असलं तर लहान-लहान चार पावलं टाकतात. परवा मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "अप्पा, बरं वाटंना का?" लई वेळानं म्हणाले, "मला काईच वाटंना, पोरी." मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी हातच जोडले. "केवढं मोठं बोलले अप्पा," म्हणाले.

तुम्ही खरं सांग म्हणालात म्हणून लिहिते. तुमचं नाव नाही काढत. कुणाचंच काढत नाहीत.

तुमची,
प्रणिता

---

आष्टी,
२७ मार्च २०२४

॥ श्री वैद्यनाथ प्रसन्न ॥

चि. सौ. प्रणितास आशीर्वाद.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. माझं नाव काढत नाही म्हणजे धागा तुटला. मला आनंदच आहे. बहीण-भावाची माया ही शेवटी मायाच.

पाय घासण्याचं मनावर घेऊ नकोस. अण्णाही तसेच चालायचे. स्वामी म्हणाले होते, मन वर गेलं की पाय जड होतात.

आता नीट वाच आणि केदारलाही वाचून दाखव. अशा माणसाला अधूनमधून कुणाची तरी आठवण येते. दिवा विझताना वात एकदा मोठी होते, तसंच ते. तो कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारेल. कुठंतरी जायचं म्हणेल. तेव्हा ओ द्यायची नाही. त्याला समजावून परत जागेवर बसवायचं. नाव माझं असलं तरी. माझं असलं तर विशेषच. मलाही कळवायचं नाही, नाहीतर मी म्हातारी धावत येईन आणि त्याची तीन जन्मांची कमाई मातीत घालवीन.

गुडघे दुखतात. बाकी राजेश्वर, सून, मुलं बरी आहेत. मुलं माझ्याशी बोलायचं तर पाटीवर लिहून दाखवतात, त्यामुळे त्यांचं शुद्धलेखन सुधारलं आहे.

नीलाबाई

---

दिंद्रुड,
१३ ऑगस्ट २०२४

ती. आत्यांना शरणार्थ.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. रुद्राणीची अकरावी, लग्नसराईचा माल, श्रावणाची गडबड, वेळच मिळाला नाही.

अप्पा बरे आहेत. जूनमध्ये मोरीत पाय घसरून पडले होते, पण हाड मोडलं नाही. रात्री दोन-तीनदा उठतात. कधी चादर ओली होते. वयच आहे.

यंदा पंचमीला तुम्हाला आणायला अप्पा येऊ शकले नाहीत. त्यांना एवढा प्रवास झेपला नसता. ह्यांना दुकान सोडता आलं नाही. तुम्ही समजून घ्याल.

साडी आणि बांगड्या पार्सलने पाठवल्या आहेत. हिरवा रंग तुम्हाला आवडतो म्हणून हिरवीच घेतली.

तुमची,
प्रणिता

---

आष्टी,
२२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. प्रणितास,

साडी मिळाली. सुनेला दिली. मला हिरवा शोभत नाही आता.

मी तुला लिहिलं होतं धागा तुटू दे, आणि तो तुटल्यावर मीच रुसले, असं मनात आणू नकोस. पण एक सांगते. लग्न झाल्यापासून एक पंचमी अशी गेली नव्हती की वैजू मुराळी होऊन मला न्यायला आला नाही. दुष्काळात आला. पाय मोडून प्लास्टर होतं तेव्हा जीपच्या मागच्या बाकावर आडवा पडून आला. राजेश्वर म्हणतो, आई, मी सोडतो तुला दिंद्रुडला. मी म्हटलं, आणायला कुणी आल्याशिवाय मी माहेरी पाय ठेवणार नाही. नऊ तारखेला पिशवी भरून संध्याकाळपर्यंत दारात बसले होते. शेजारची ताराबाई दोनदा विचारून गेली. तिला मी म्हटलं, गाडी उशिरा असेल.

असो. त्याचं मौन मोठं आहे, माझी पिशवी लहान.

नीलाबाई

---

दिंद्रुड,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आत्यांना प्रणिताचे शरणार्थ.

राजेश्वर भाऊजी बीडच्या दवाखान्यात येऊन गेले. त्यांनी पाटीवर तुम्हाला काय लिहून दाखवलं मला माहीत नाही. थोडं बरं नाही, एवढंच लिहिलं असणार. मी पूर्ण लिहिते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा ओट्यावर गादीवर बसले होते. चंद्रभागाबाई पाया पडून उठल्या आणि मला म्हणाल्या, "अप्पाचं तोंड वाकडं कावून दिसायलंय?" उजवा हात लुळा पडला होता. तसेच बीडला नेलं. मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली होती. जीव वाचला. उजवी बाजू थोडी हलते. वाचा गेली.

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो उजेडावर धरून दाखवला. म्हणाल्या, "हा झटका काल आला. पण हे पांढरे ठिपके बघा, हे जुने आहेत. बारीक-बारीक रक्तवाहिन्या दोन-तीन वर्षांपासून खराब होत आल्यात. याचा परिणाम आधी मनावर दिसतो. माणसाची हौस जाते, बोलणं कमी होतं, भूक जाते, पाय घासत चालतो, हातातलं काम मध्येच सोडतो. ही उदासीच असते, पण माणूस रडत नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. यावर औषध आहे. तुम्ही आधी कुठं दाखवलं नाही? तुम्हाला काय वाटलं?"

ह्यांनी खाली मान घातली. मी म्हटलं, "आम्हाला वैराग्य वाटलं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी नुसता फोटो पाकिटात घातला.

मग त्यांनी बीपीच्या गोळीचं विचारलं. मी म्हटलं, रोज घेतात. त्यांनी रक्तदाबाचा आकडा दाखवला आणि म्हणाल्या, "मला तसं दिसत नाही."

घरी कपडे न्यायला आले तेव्हा देवघरात गेले. अप्पांचं आसन उचललं. खाली गोळ्या होत्या. कितीतरी, पाकिटातून काढलेल्या, चपट्या झालेल्या. विभूतीचा डबा मी दिवाळीत भरला होता, तो तसाच भरलेला. एक बोटही उठलेलं नाही. म्हणजे दोन-दोन तास ते नुसते बसून असायचे. पूजा करायला मन उठायचं नाही. आणि पूजा झाली नाही म्हणून गोळी घ्यायची नाही. पूजेशिवाय पाणी प्यायचं नाही हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. पूजा होत नाही हे सांगायचं तर कुणाला? बाहेर आम्ही हात जोडून उभे. आम्ही फारच आग्रह केला की पाव भाकरी खायचे, खाली मान घालून. आम्हाला ते व्रत वाटलं. ती लाज होती.

मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, गोळी पोटात गेली असती तर? त्या म्हणाल्या, "झटका आलाच नसता असं मी म्हणणार नाही. पण उदासीमुळं गोळी सुटते, गोळी सुटली की रक्तवाहिन्या आणखी बिघडतात, आणि उदासी वाढते. हे चाक कुठंतरी थांबवता आलं असतं."

तुमची,
प्रणिता

---

आष्टी,
२६ ऑक्टोबर २०२४

प्रणिता,

डॉक्टरांना यंत्रं कळतात, माणूस कळत नाही. म्हातारपणी कुणाच्या मेंदूचा फोटो काढला तर ठिपके निघतीलच. माझा काढा, चांदणं निघेल.

आणि गोळीचं मला काय सांगतेस? मी इथं आष्टीत बसलेय, कानानं बहिरी, गुडघ्यानं पांगळी. घरात तू होतीस. विभूतीचा डबा तू भरत होतीस. अकरा महिने डबा संपत नाही हे सुनेला दिसू नये? सासरा काय खातो, काय गिळतो हे बघायचं सोडून गादीवर चादरी अंथरत होतीस. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून यापुढे लिहीत नाही.

वैजूला माझा आशीर्वाद सांग. नाहीतर नको सांगूस.

नीलाबाई

---

दिंद्रुड,
४ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यांना प्रणिताचे शरणार्थ.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. डबा मला दिसायला हवा होता. मी रोज तो पुसून जागेवर ठेवायचे आणि उघडायचे नाही. हे मी स्वतःला तुमच्याआधीच बोलून घेतलं आहे, आणि जन्मभर बोलत राहीन.

पण आता एक गोष्ट माझ्या पोटात राहत नाही. काल भाऊबीज होती. अप्पा दिवसभर दाराकडे बघत होते. म्हणून सांगते. ऑगस्टच्या पत्रात मी तुम्हाला खोटं लिहिलं.

पंचमीच्या सकाळी मी उठले तर अप्पा ओट्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी, पायात वहाणा, उलट्या पायांत. मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात एक नारळ आणि दुकानातलं एक लहान ताट. ते कसे उठले, दुकानात कधी गेले, कोण जाणे. मला बघून म्हणाले, "अक्काला आणाया जायचं हाय." आत्या, कितीतरी महिन्यांत एवढं लांब वाक्य ते बोलले नव्हते. मी ह्यांना उठवलं. ह्यांनाही भरून आलं. पण हे म्हणाले, "आत्यानंच लिवलंय, ओ द्यायची न्हाई. अप्पांचा शेवटचा धागा हाय, आपण गाठ मारायची न्हाई." ह्यांनी त्यांच्या मांडीवरची पिशवी काढून घेतली. अप्पा दोन्ही हातांनी धरून होते. हे म्हणाले, "अप्पा, आता ही माया सोडा." अप्पा पुन्हा एकदा म्हणाले, "अक्का वाट बघत आसंल." मग पिशवी सोडली. वहाणा मी काढल्या.

त्यानंतर झटका येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत.

तुम्ही कळवायचं नाही म्हणाला होतात, म्हणून कळवलं नाही. तुमचं पिशवीचं पत्र आलं तेव्हा मी ते चुलीपाशी उभी राहून वाचलं, आणि तरी कळवलं नाही. तेव्हा कळवलं असतं तर वेळ होती.

ते ताट मी ठेवलंय. त्यावर त्यांनी काही घातलेलं नाही, कोरंच आहे.

आता गोळ्या मी हातानं देते, उठल्याबरोबर, पाण्यासोबत. मनासाठीही एक गोळी आहे. तिचा गुण यायला आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण काहीतरी हललं आहे. काल रुद्राणीनं कपाळाला ओवाळणीचा टिळा लावला तर तिच्याकडे बघून हसले. हात-पायांचा व्यायाम करतात. सगळं सांगायचं असतं त्यांना, ओठ हलवतात, घाम येतो, आणि तोंडातून एकच निघतं, "न्हाई." पाणी हवं तरी न्हाई, नको तरी न्हाई. बोलता येत होतं तेव्हा बोलावंसं वाटत नव्हतं. आता वाटतंय तर शब्द नाहीत.

आणि लोकांचं काय करू? ते अजून येतात. परवा एकजण चकलांब्याहून आला, ऐकून आला होता. तो वाकला तसं अप्पांनी डावा पाय ओढून घेतला आणि "न्हाई, न्हाई" करत रडायला लागले. तो माणूस बाहेर येऊन म्हणाला, काय नम्रता आहे. हे मागच्या खोलीत जाऊन बसले होते, त्यांनी दार उघडलं नाही.

प्रणिता

---

आष्टी,
११ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रणितास आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. उत्तर आज लिहितेय, कारण चार दिवस हातात पेन धरवेना. राजेश्वरनं पाटीवर लिहिलं, 'आई काय झालं'. मी पाटी पुसून टाकली.

मागच्या पत्रात तुला बोलले ते परत घेते. तू सून असून डॉक्टर म्हणत होतीस. मी बहीण असून नको म्हटलं. तुझ्या हातून एक डबा उघडायचा राहिला. माझ्या हातून भाऊ राहिला. तो उलट्या वहाणा घालून मला न्यायला निघाला आणि मीच आष्टीत बसून त्याची वाट अडवली. तेही कागदावर लिहून, केदारला वाचून दाखव म्हणून.

एक सांगते, हे अजून कुणाला बोललेले नाही. वैजूनं माझं नाव काढलं नाही असं तू मार्चमध्ये लिहिलंस तेव्हा मला राग आला होता. धागा तुटला, आनंद आहे, वगैरे लिहिलं ते त्या रागात. नाव माझं असलं तर विशेषच, हेही त्याच रागात. देवाधर्माचं पांघरूण घेतलं की आपला रुसवा आपल्यालाही दिसत नाही.

आणि चार दिवस दुसरंच डोळ्यापुढून हलत नाही. अण्णांचा हात. घट्ट धरला होता गं. बोटांच्या खुणा उठल्या होत्या मनगटावर. पाय घासत चालायचे, जेवण सुटलं होतं, चादर ओली व्हायची ती आई कुणाला दिसू न देता धुवायची. सगळं तेच. अण्णांच्या वेळी असे फोटो निघत नव्हते, स्वामींना तरी काय दोष देणार? ते कुठल्या आजारानं गेले हे आता कुणी सांगू शकणार नाही, मलाही ठामपणे म्हणता येत नाही. पण तो माणूस मोकळा झालेला नव्हता. मोकळा माणूस असा हात धरत नाही. त्याला काहीतरी हवं होतं आणि मी त्याचा हात उचलून त्याच्याच मांडीवर ठेवला. इतकी वर्षं ही गोष्ट मी सत्संगात सांगत आले. बायका माना डोलवायच्या.

मी येते आहे. मुराळ्याची वाट बघत नाही, तो निघायला तयार होऊन बसला होता तेवढं मला पुरे. माझं येणं म्हणजे वरातीमागून घोडं, ठाऊक आहे. शनिवारी राजेश्वर बीडच्या स्टँडपर्यंत आणेल, तिथून केदारला घ्यायला पाठव. त्याला सांग, आत्या रागावलेली नाही. त्यानं माझंच ऐकलं. ऐकणाऱ्या पोराला काय रागवायचं?

राहायला येतेय, भेटायला नाही. त्याला बोलता येत नाही, मला ऐकू येत नाही. आमचं आता भांडण व्हायचं कारणच उरलं नाही. मुलांची पाटी आणते आहे. त्याचा डावा हात तरी चालतो. नाव घालणाऱ्या माणसाचा हात आहे, डावा असला म्हणून काय झालं? अक्षरं नाही जमली तर रेघा मारेल. ते कोरं ताटही काढून ठेव, त्यात मी त्याला जेवू घालीन.

सकाळची गोळी मी आल्यावर मीच देत जाईन. पाणी आधी, गोळी आधी. लिंगपूजेचं मी त्याच्याबरोबर बसून बघेन. त्याच्या तळहातावर लिंग ठेवून खालून माझा हात धरीन. जमली तर पूजा होईल, नाही जमली तर नाही. त्याचं पाप लागणार असेल तर मला लागू दे, माझ्याकडे आधीच आहे, त्यात थोडी भर.

एकच काम आजच कर. माझी वाट बघू नकोस. ओट्यावरची ती गादी काढ. पांढरी चादर धुऊन पेटीत ठेव. त्याची खाट आत, तुमच्या बोलण्या-चालण्यात घे.

आणि दारात कुणी पाया पडायला आलं, तर एवढंच सांग की आमचे अप्पा आजारी आहेत.

तुझी आत्या,
नीलाबाई